जागायचं कुणी?

आमच्या बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक हेडकॅशियरकडे असते, दुसरी ऑफिसरकडे. दोघंही समोर उभे राहिल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. याला आमच्या भाषेत 'जॉइंट कस्टडी' म्हणतात. बी.कॉम.च्या पुस्तकात ही गोष्ट अर्ध्या पानात उरकलेली होती. तिच्यामागचं तत्त्वज्ञान कळायला नोकरीची वीस वर्षं जावी लागली. एकटा माणूस प्रामाणिक राहीलच याची खात्री नाही, आणि दोन माणसं ठरवून अप्रामाणिक होतील इतकं त्यांचं आपसात पटत नाही, अशा दोन पायांवर ही पद्धत उभी आहे. आमच्या शाखेत तर हेडकॅशियर आणि ऑफिसर यांचं गेली तीन वर्षं बोलणंच बंद आहे. सकाळी दोघं तिजोरीपुढे येतात, एकमेकांकडे न बघता किल्ल्या फिरवतात आणि आपापल्या खुर्चीवर जाऊन बसतात. ठेवीदारांचा पैसा इतका सुरक्षित पूर्वी कधीच नव्हता.

ही युक्ती बँकवाल्यांनी काढली असं मात्र कुणी समजू नये. शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अंमलदार असत. किल्ल्या एकाकडे, हजेरी-हिशेब दुसऱ्याकडे, कोठाराचा कारभार तिसऱ्याकडे. एकाला फितूर व्हायचं झालं तर उरलेल्या दोघांचं मन वळवावं लागे. आणि तीन मराठी माणसांची कमिटी एका मतावर आणणं म्हणजे काय, हे ज्यानं गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली आहे त्याला मी सांगायला नको.

या साऱ्यात एक गोष्ट मात्र सगळ्यांनी धरूनच चालली होती. राखणारा हा माणूस असणार. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, किती ठेवायचा, वाद काय तो एवढाच. माणूस मुळी हवाच कशाला, हा प्रश्न आमच्या पिढीच्या वाट्याला आला. माझ्या वाट्याला तो सोसायटीच्या नोटिशीतून आला. 'विषय क्रमांक ४ : सुरक्षा व्यवस्थेचे आधुनिकीकरण.' 'आधुनिकीकरण' हा शब्द नोटिशीत दिसला की कुणाची तरी खुर्ची जाणार, हे बँकेतल्या माणसाला वासावरून कळतं.

आमची सोसायटी डोंबिवलीत. चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं, आणि गेटावर दोन वॉचमन, बारा-बारा तासांच्या पाळीनं. दिवसाचे बदलत राहतात. त्यांची नावं पाठ होईपर्यंत एजन्सी त्यांना दुसरीकडे हलवते. रात्रीचे मात्र गेली चौदा वर्षं एकच. सांगोल्याकडचे. सगळे त्यांना 'मामा' म्हणतात, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी असलेली मंडळीसुद्धा. योजना अशी होती की सोळा कॅमेरे बसवायचे, गेटाला आपोआप वर-खाली होणारा दांडा बसवायचा, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप घालायचं आणि दोन्ही वॉचमन कमी करायचे. दोन वर्षांत खर्च वसूल. हा हिशेब मी स्वतः तपासला. बेरीज बरोबर होती.

योजना मांडायला चौथ्या मजल्यावरचा आयटीतला तरुण लॅपटॉप घेऊन आला होता. मुलगा हुशार, बोलणं स्वच्छ. म्हणाला, "माणूस झोपतो. कॅमेरा झोपत नाही." वाक्य असं बिनतोड होतं की सभा काही क्षण चिडीचूप झाली. त्या शांततेत कपबशांचा आवाज तेवढा ऐकू आला, कारण सभेला चहा देण्याचं काम मामा करत होते.

मग त्यानं पुरावा दाखवला. नमुन्यादाखल पंधरा दिवस एक कॅमेरा गेटावर लावला होता. भिंतीवर चित्र आलं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मामांची मान खाली गेली. तीन पंचावन्नला वर आली. मधला भाग त्यानं सौजन्यानं भरभर पळवला. भरभर पळवल्यावर झोपलेला माणूसही थोडा हलतो, हे मला त्या दिवशी कळलं. सभासद माना डोलावत होते. त्या पावणेदोन तासांत बाकीचे बत्तीस कर्ते पुरुष काय करत होते याचं चित्रीकरण उपलब्ध नव्हतं.

आता मामा राखण तरी काय करतात, ते सांगतो. चोर पकडल्याचा त्यांच्या नावावर एकही दाखला नाही. उलट त्यांच्या पाळीत एक सायकल गेली, ती गेलीच. पहाटे पाचला पाण्याचा पंप लावतात. दुधाच्या पिशव्या मांजरापासून वाचवतात. मांजर हा आमच्या सोसायटीतला एकमेव सिद्ध झालेला गुन्हेगार आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोची किल्ली सांभाळतात, कारण ती दोघं एकमेकांवर भरवसा ठेवत नाहीत. (जॉइंट कस्टडी घराघरांत आहे, फक्त नाव वेगळं.) आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नानांना परत पाठवतात.

नाना रेल्वेतून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं होऊन गेली. हल्ली त्यांना विसर पडतो. म्हणजे निवृत्त झाल्याचाच विसर पडतो. रात्री दीड-दोनला उठतात, पायात एक चप्पल आणि एक बूट घालतात, रिकामा डबा घेतात आणि ड्यूटीला निघतात. घरच्यांना कडी लावून ठेवायचं जिवावर येतं. खाली मामा उठून उभे राहतात आणि म्हणतात, "नाना, आज ऐतवार. हापिस बंद." नाना कपाळावर हात मारून घेतात आणि वर जाऊन झोपतात. गेली दोन वर्षं नानांच्या आयुष्यात रोज रविवार आहे. मला या माणसाचा हेवा वाटतो, पण ते असो. कॅमेऱ्यानं यातलं काय केलं असतं? दोन वाजून चार मिनिटांनी नाना गेटाबाहेर पडले, डावीकडे स्टेशनच्या दिशेनं गेले, एवढं अगदी बिनचूक टिपलं असतं.

इथे तुम्ही म्हणाल, हे झालं भाबडेपण. नानांसाठी घरात माणूस ठेवावा. चोरांसाठी यंत्र बसवावं. ज्याचं त्याला. आक्षेप रास्त आहे, म्हणून चोरांपुरतंच पाहू. सभेआधीचे दोन रविवार मी याच वाचनात घालवले. वामकुक्षी मोडली, पण ज्ञानात भर पडली.

बोस्टन शहरात इझाबेला स्टुअर्ट गार्डनर नावाच्या बाईंनी उभारलेलं चित्रसंग्रहालय आहे. १८ मार्च १९९० च्या रात्री सव्वाच्या सुमारास पोलिसांच्या वेषात दोघं जण दाराशी आले. चौकीवरच्या रक्षकानं बटण दाबून दार उघडलं. बाहेर धोक्याचा इशारा देणारं एकमेव बटण त्याच्या टेबलापाशी होतं. चोरांनी गोड बोलून त्याला टेबलापासून दूर आणलं आणि दोघा रक्षकांना तळघरात बांधून ठेवलं. मग ऐंशीएक मिनिटं निवांत फिरून रेम्ब्रां, वर्मीर वगैरे तेरा वस्तू नेल्या. त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. संग्रहालयाच्या मांडणीत बदल करू नये असं बाईंच्या मृत्युपत्रात असल्यामुळे रिकाम्या चौकटी तशाच टांगलेल्या आहेत. माणसाची फजिती ती हीच, असं यंत्राच्या बाजूचे लोक म्हणतील. पण थांबा. दालनांत हालचाल टिपणारी यंत्रं बसवलेली होती आणि ती रात्रभर चोख चालली. चोर कुठल्या दालनात किती वाजता शिरले, कितीदा आले-गेले, याची बारीकसारीक नोंद झाली. जाताना चोरांनी कॅमेऱ्याच्या टेपा काढून नेल्या, पण ही नोंद संगणकात शिल्लक राहिली. म्हणजे त्या रात्री माणसानं दार उघडलं आणि यंत्रानं हजेरी मांडली. चोरांना कुणाचाच त्रास झाला नाही.

दुसरी गोष्ट बेल्जियममधल्या अँटवर्पची. तिथल्या हिऱ्यांच्या तळघरात उष्णता, उजेड, कंपन, चुंबक, जे काही मोजता येतं ते मोजणारी यंत्रं होती. फेब्रुवारी २००३ मध्ये एका शनिवार-रविवारी चोरांनी ती एकेक करून निजवली. उष्णता ओळखणाऱ्या यंत्रावर बायका केसांना मारतात तो फवारा मारला. दहा कोटी डॉलरांहून जास्त किमतीचा माल गेल्याचं सांगतात. सगळं निर्विघ्न पार पडलं असतं. पण परत जाताना त्यांनी आपला कचरा हमरस्त्यालगतच्या रानात टाकला. त्या रानाकडे लक्ष ठेवून असलेल्या एका गृहस्थांना कचरा टाकणाऱ्यांचा मनस्वी राग होता. त्यांनी पोलिसांकडे तक्रार केली. कचऱ्यात हिऱ्यांच्या पाकिटांचे तुकडे आणि अर्धवट खाल्लेलं सँडविच सापडलं, आणि सँडविचवरून चोर. कोट्यवधींची यंत्रणा हरली आणि एक किरकिऱ्या शेजारी जिंकला. आमच्या सोसायटीत असे अकरा आहेत. त्यांचं मोल मला तोवर कळलं नव्हतं.

परदेशाचंच कशाला, २०२२ च्या एप्रिलमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या आरग गावात, चोरांनी जेसीबी आणला आणि एटीएमचं यंत्र दारासकट उपटलं. कॅमेरा होता, आणि चालूही होता. ते दृश्य दुसऱ्या दिवशी सगळ्या देशानं पाहिलं. मी स्वतः सात वेळा पाहिलं. सातही जणांनी पाठवलं म्हणून. घडत असताना तेवढं कुणी पाहिलं नाही. एटीएम भिंतीला, खांबाला किंवा जमिनीला घट्ट जखडून ठेवा, असा हुकूम रिझर्व्ह बँकेनं २०१९ सालीच काढला होता. जेसीबीचा विचार त्यात नसावा. पूर्वी एटीएमच्या दाराशी एक वृद्ध गृहस्थ स्टुलावर बसलेले असत. त्यांनी जेसीबी अडवला असता असं मी म्हणत नाही. पण "अहो, काय करताय?" एवढं तरी विचारलं असतं. आणि माझा अनुभव असा, की पुष्कळ वाईट कामं तेवढ्या एका प्रश्नावर मोडतात. बँकेत लोनचा अर्ज करताना गिऱ्हाइकाला मी "पैसे कशाला हवेत?" असं नुसतं मान वर करून विचारलं तरी दहातला एक अर्ज परत घेऊन जातो.

कॅमेऱ्यात नेमकं हेच नाही. तो बघतो, पण विचारत नाही. २०२५ च्या १९ ऑक्टोबरला पॅरिसच्या लूव्रमध्ये भरदिवसा चोर आले ते फर्निचर चढवायच्या शिडीच्या गाडीतून. सात-आठ मिनिटांत राजघराण्याचे दागिने घेऊन गेले. ज्या सज्जातून ते शिरले त्या बाजूच्या कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे होतं. पुढे वर्तमानपत्रांत असंही आलं की २०१४ च्या एका तपासणीत तिथल्या चित्रीकरणाच्या यंत्रणेचा पासवर्ड 'लूव्र' असाच होता. ही बातमी आमच्या शाखेत मोठ्यानं वाचून झाली तेव्हा सगळे पोट धरून हसले. नंतर तासभर सगळे मान खाली घालून कॉम्प्युटरवर काहीतरी बदलत होते.

तर यंत्र असं. पण म्हणून माणसाचे गोडवे गायला मी उभा राहिलो, आणि तिथेच अडखळलो. कारण एक प्रश्न मला कुणी विचारला नव्हता तरी आडवा आला. मामांना ठेवा, असं जेव्हा मी म्हणतो तेव्हा मी नेमकं काय मागतो? साठीला टेकलेल्या एका माणसानं प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डास मारत, रात्री आठ ते सकाळी आठ जागत बसावं, म्हणजे मला पंख्याखाली झोप लागेल. ज्या टीव्हीची, मोटारीची, दागिन्यांची राखण तो करतो त्यातलं काहीही त्याला या जन्मी परवडणार नाही. त्यानं ते चोरू नये आणि दुसऱ्याला चोरू देऊ नये, एवढी आपली अपेक्षा. वर त्यानं पेंगू नये. कॅमेऱ्याला काय, त्याला झोपच नाही, तर झोप मोडण्याचं पाप कुणाच्या माथी बसत नाही. आयटीतल्या मुलाच्या मनात हे होतं की नाही ठाऊक नाही, पण त्याच्या बाजूचा खरा वजनदार मुद्दा हा आहे, आणि तो त्यानं मांडलाच नाही. तो दोन वर्षांत खर्च वसूल होण्यावरच थांबला.

राखणदाराला राबवून घ्यायचं ही खोड जुनी आहे. म्हणूनच महाराष्ट्र सरकारला १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याआधीच्या गावगाड्यात निदान एक रोखठोकपणा होता. गावाच्या राखणदाराला त्याबद्दल हक्क असत, आणि चोरी झाली तर चोराचा माग काढून देण्याची जबाबदारीही असे. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला की पुढचं त्या गावानं बघायचं. मागच लागला नाही तर भरपाईची पाळी येई. कठोर होतं खरं, पण राखणदार हा गावातला माणूस होता. गावाचं गेलं तर त्याचंही जाई. कॅमेऱ्याच्या कंपनीचा वॉरंटीचा कागद मी चष्मा लावून वाचला. त्यात चोरी येत नाही, कॅमेरा तेवढा येतो. कॅमेराच चोरीला गेला तर तोही येत नाही.

दुसरा एक विचार त्याहून अडचणीचा. आपण हे सगळं कुणाविरुद्ध करतो? मोलकरणींची पिशवी गेटावर उघडून बघायची, असा आमच्या सोसायटीचा ठराव आहे. माझी पिशवी चौदा वर्षांत कुणी उघडली नाही. नव्या अ‍ॅपमध्ये तर स्वयंपाकाच्या बाई किती वाजून किती मिनिटांनी आल्या, गेल्या, सगळं दिसणार होतं. सभासद केव्हा येतात-जातात याची नोंद मात्र खाजगी जीवनाच्या कारणास्तव वगळली होती. आमच्या बँकेतही दाराशी बंदूकधारी आहे. थैली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला तो थैली बाहेर ठेवायला लावतो. आणि १९९२ साली हर्षद मेहता प्रकरणात देशातल्या बँकांचे हजारो कोटी रुपये गेले, ते बँक रिसीट नावाच्या साध्या कागदांवरून. त्यासाठी कुणी भिंत फोडली नाही की बंदूक रोखली नाही. ते पैसे नेणारे जिथे जिथे गेले असतील तिथे बंदूकधाऱ्यानं उठून दार उघडलं असेल आणि सलामही ठोकला असेल. त्या माणसाला दोष कसा द्यावा? त्याला थैल्या बघायला शिकवलं होतं, सूट बघायला नव्हे. कॅमेऱ्यालाही आपण तेच शिकवणार, हे या कामात मला दिसणारं मोठं भय आहे.

आता या वादाची दुसरी बाजू आपल्याकडे शनिशिंगणापूरला पाहायला मिळते. तिथे घरांना दारं लावायची नाहीत, कुलुपं घालायची नाहीत; राखण शनिदेवाची. २०११ साली यूको बँकेनं तिथे शाखा काढली तेव्हा मोठा पेच पडला. बिनकुलपाची बँक म्हणजे बिनतालमीचा पहिलवान. तोडगा निघाला तो असा, की दार काचेचं लावलं आणि त्याला चटकन नजरेला न येणारं, दुरून चालणारं विजेचं कुलूप बसवलं. श्रद्धा राहिली आणि रिझर्व्ह बँकही राहिली. मला ही व्यवस्था फार आवडते. विश्वास दाखवायचा आणि कुलूप लपवायचं. बहुतेक संसार असेच चालतात. पुढे २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणंही मिळालं.

यंत्र हवं की माणूस, या भांडणात न बसणारा एक तिसरा उमेदवारही होऊन गेला. इसवी सनापूर्वी ३९० च्या सुमारास गॉल लोक रोमच्या टेकडीवर रात्री चढले. पहारेकरी झोपलेले, कुत्रे गप्प. देवळातल्या हंसांनी कलकलाट केला आणि रोम वाचलं, अशी कथा आहे. पुढे दरवर्षी एका हंसाला मेण्यात बसवून मिरवत आणि कुत्र्यांना सुळावर देत. ज्या मार्कस मॅनलिअसला त्या कलकलाटानं जाग आली आणि ज्यानं पहिल्या गॉलला खाली ढकललं, त्याला काही वर्षांनी रोमन लोकांनीच कड्यावरून लोटून दिलं, असं सांगतात. राखणदाराचं प्रॉव्हिडंट फंड तेव्हाही असंच होतं.

सभेत हे सगळं मी बोललो असतो, पण मला दोन मिनिटं मिळाली आणि त्यातलं दीड मिनिट माईक सुरू करण्यात गेलं. हंसांपर्यंत पोचलो तेवढ्यात चेअरमननी घंटा वाजवली. मग तळमजल्यावरच्या बाई उठल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उभ्या राहिल्या की अर्धी सभा आपोआप हाताची घडी घालते. त्यांनी हिरकणीची गोष्ट काढली. गडावर दूध घालायला गेलेली बाई, तोफ होऊन दरवाजे मिटले, घरी तान्हं मूल, ती गयावया करते आणि पहारेकरी म्हणतात हुकूम नाही. ती कडा उतरून जाते. महाराज तिला शिक्षा करत नाहीत, तिचा गौरव करतात आणि जिथून उतरली तिथे बुरूज बांधतात.

"मग आता सांगा," बाई आयटीतल्या मुलाला म्हणाल्या, "तो पहारेकरी बरोबर की चूक?"

मुलगा म्हणाला, "बरोबर, बाई. प्रोटोकॉल पाळला त्यानं."

"महाराजांनी त्याला शिक्षा केली?"

"गोष्टीत तसं नाही."

"नाहीच. म्हणजे तो बरोबर होता. पण त्याच्या जागी दांडा असता तरी तोही बरोबरच असता. मग तिथे माणूस उभा करून उपयोग काय झाला, सांग."

मुलगा घुटमळला. मला वाटलं बाई यंत्राच्या बाजूनं बोलताहेत. शेजारच्यांना वाटलं माणसाच्या बाजूनं. बाई खाली बसता बसता म्हणाल्या, "माणूस ठेवायचा असेल तर त्याला माणसासारखं ठेवा. बारा तास बसवून दांड्याचं काम करून घ्यायचं असेल तर दांडाच बरा. त्याची पाठ तरी दुखत नाही."

यावर सभेत जी शांतता पसरली ती पहिल्या शांततेपेक्षा वेगळी होती, कारण आता खर्च वाढणार हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मी हिशेबाचा माणूस. मला आकडे सांगायला सांगितलं. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, तीन माणसं, आठवड्याची सुट्टी, शिवाय पंखा असलेली चौकी. दर बिऱ्हाडामागे महिन्याला एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या एका जेवणाएवढी रक्कम वाढत होती. मी तसंच सांगितलं. 'एका जेवणाएवढी' हे शब्द मी मुद्दाम वापरले. नुसती रक्कम ऐकून ठराव पडला असता. तरीही सातजण विरुद्ध गेले. त्यातले तिघे असे आहेत, की त्यांच्या घरचं मांजर दूध पिऊन येतं.

शेवटी दोन्ही झालं. तीन पाळ्या झाल्या आणि सोळांच्या जागी सहा कॅमेरे बसले. दांडा आणि अ‍ॅप बारगळलं. मोलकरणींच्या पिशव्यांचा ठराव 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला गेला, म्हणजे तो आहे तसाच आहे. त्या विषयावर मी दर सभेला उठतो आणि दर सभेला वेळ संपलेली असते. आयटीतल्या मुलानं मनावर न घेता कॅमेरे स्वतः उभं राहून बसवून घेतले. चौकीत पडदा लावला, त्यावर सहा चौकटी. मामांची पाळी आता रात्री दहा ते सकाळी सहा. नाना अजून अधूनमधून ड्यूटीला निघतात. आता ते जिन्यात असतानाच दुसऱ्या चौकटीत दिसतात, त्यामुळे मामांना उठून उभं राहायला वेळ मिळतो.

परवा शेवटच्या लोकलनं उशिरा आलो तर मामा चौकीत पडद्याकडे टक लावून बसले होते. मी म्हटलं, "काय मामा, सहाही बघता का?"

"सहा कुठं, सायेब," मामा म्हणाले, "झोप यायला लागली की चार नंबर बघतो."

चौथी चौकट चौकीचीच आहे. तिच्यात खुर्चीवर बसलेले मामा दिसत होते.

"त्यात काय दिसतं?"

"जागा हाय का न्हाई ते कळतंय," मामा म्हणाले, आणि गेट लावायला उठले.